देवळालीचा ताप आणि डेव्हिड क्रॉफ्ट

मी इंग्लंडात आले १९७० च्या ऑक्टोबर महिन्यात. बरोबर एक सुटकेस, नर्सिंगचे सर्टिफिकेट आणि डब्यात रोश हशानाचा उरलेला चिकाचा हलवा. हलवा तिसऱ्या दिवशी संपला. थंडी मात्र मार्चपर्यंत संपली नाही.

पहिल्याच महिन्यात रात्रपाळीला एक म्हातारी पेशंट होती. सारखी उठायची, गाऊनवरच कोट चढवायची आणि दाराशी जाऊन बसची वाट बघत उभी राहायची. ड्यूटीवरची स्टाफ नर्स मला म्हणाली, "हिच्यावर जरा नजर ठेव. ती डूलॅली झालीय." मला ऐकू आलं 'देवळाली'. इतका आनंद झाला म्हणून सांगू! परक्या मुलुखात आपल्या बाजूचं कोणीतरी भेटलं. सकाळी तिचं अंग पुसताना मी विचारलं, तुम्ही देवळालीला कधी होतात? ती म्हणाली, "मला ब्रायटनला जायचंय." पलीकडे ड्रेसिंगची ट्रॉली लावणारी स्टाफ नर्स हसून हसून खाली बसली.

मग तिने मला अर्थ सांगितला. डूलॅली म्हणजे डोकं फिरलेला, भ्रमिष्ट. पण हा शब्द आला कुठून, ते तिलाही ठाऊक नव्हतं. मी ती गंमत घरी पत्रात लिहिली आणि बाबांचं चार पानी उत्तर आलं. माझे बाबा लढाईच्या वर्षांत देवळालीच्या मिलिटरी हॉस्पिटलात कंपाउंडर होते. त्यांनी लिहिलं की अगं, तो आपल्याच देवळालीचा शब्द आहे! गोऱ्या सोल्जरांची हिंदुस्थानातली मुदत भरली की त्यांना देवळालीच्या छावणीत आणून ठेवीत. ही छावणी १८६१ सालापासूनची. विलायतेला जाणाऱ्या फौजेच्या बोटी पूर्वी नोव्हेंबर ते मार्च एवढ्याच सुटत. मार्चची बोट ज्याची चुकली त्याने सगळा उन्हाळा आणि पावसाळा तिथेच काढायचा. काम नाही, कवायत नाही. दारू, मलेरिया, नको ते रोग आणि रिकामं डोकं. काही जण खरंच भ्रमिष्ट होत. पुरा शब्द 'डूलॅली टॅप' असा आहे आणि टॅप म्हणजे आपला ताप. म्हणजे अर्धा शब्द आपल्या गावाचा आणि अर्धा आपल्या दुखण्याचा. इंग्रजांनी अर्धाच ठेवला. ताप आपल्याकडे राहिला, असं बाबांनी शेवटी लिहिलं होतं.

हे सगळं आधी सांगायचं कारण म्हणजे ज्या माणसाबद्दल मला लिहायचं आहे, त्याने हीच देवळाली उचलून इंग्लंडच्या घराघरात नेऊन ठेवली. त्याचं नाव डेव्हिड क्रॉफ्ट. आपल्यातल्या जुन्या मंडळींना नाव आठवणार नाही कदाचित, पण त्याचे कार्यक्रम आपण सर्वांनी पाहिले आहेत. 'डॅड्स आर्मी', 'आर यू बीइंग सर्व्ह्ड?', 'हाय-डी-हाय', 'अलो अलो'. हे सगळे त्याचेच. तो लिहायचा, पण एकटा कधी नाही, नेहमी जोडीदाराबरोबर. आणि लिहिलेलं स्वतःच निर्माता म्हणून उभं करायचा. नट निवडणं, तालमी, कॅमेरे, सगळं. लेखक आणि निर्माता एकच असला की कोणाशी भांडावं लागत नाही, हा त्यातला फायदा. आणि चूक झाली तर बोट दुसऱ्याकडे दाखवता येत नाही, हा तोटा. त्या तोट्याबद्दल पुढे लिहिते.

क्रॉफ्ट जन्मला ७ सप्टेंबर १९२२ ला, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, पूलजवळच्या सँडबँक्स येथे. आडनाव खरं म्हणजे शार्लंड. आई ॲनी क्रॉफ्ट रंगभूमीवरची गाजलेली नटी, तिचं नाव त्याने पुढे घेतलं. वडीलही नट, ते हॉलिवूडला रेडिओत गेले. मुलगा नाटकाच्या पडद्यामागे वाढला. १९३९ च्या 'गुडबाय मिस्टर चिप्स' या सिनेमात त्याला लहानसं काम होतं. लढाईत तोफखान्यात भरती झाला, उत्तर आफ्रिकेत गेला, तिथे संधिवाताच्या तापाने आजारी पडला. (आम्हा नर्सांना हा ताप चांगला माहीत. सांध्यांना चाटतो आणि हृदयाला चावतो.) बरा झाल्यावर ऑफिसर झाला आणि लढाई संपायच्या सुमारास हिंदुस्थानात आला. तिथून सिंगापूर. मेजर होऊन परत गेला.

मग बरीच वर्षं धडपड. गाणी लिहिणं, बटलिन्सच्या सुट्टीच्या कॅम्पांत करमणुकीचे खेळ बसवणं, न्यूकॅसलच्या टाइन टीज टेलिव्हिजनवर निर्मात्याचं काम. बीबीसीत आला तो साठीच्या दशकात. त्याची बायको ॲन कॅलेंडर नटांची एजंट होती. तिच्याकडे जिमी पेरी नावाचा एक नट होता, फारसं काम न मिळणारा. तिच्यामुळे क्रॉफ्टने त्याला एका मालिकेत लहानसं काम दिलं. पेरीने १९६७ साली संधी साधून आपण लिहिलेली एक संहिता त्याच्या हातात ठेवली. सोळा वर्षांचा असताना पेरी वॉटफर्डला होम गार्डमध्ये होता. म्हातारेकोतारे, पोरंटोरं, बंदुका कमी आणि उत्साह जास्त. त्यावरची ती संहिता. तीच 'डॅड्स आर्मी'.

बीबीसीतले साहेब घाबरले होते. देशाच्या सर्वात कठीण काळाची थट्टा लोक सहन करतील का? सुरुवातीच्या नामावलीत लढाईची खरी दृश्यं घालायचा बेत होता, तो काढायला लावला. पहिला भाग ३१ जुलै १९६८ ला लागला. प्रेक्षकांचा अहवाल वाईट आला होता आणि क्रॉफ्टने तो मुकाट्याने कागदांच्या ढिगाखाली सरकवला, अशी गोष्ट सांगतात. खरी असेल तर मी त्याला दोष देणार नाही. कित्येक मेट्रनबाईंचे कागद मीही तसेच खाली सरकवले आहेत. १९७७ पर्यंत ८० भाग झाले आणि एका काळी १ कोटी ८० लाख माणसं ते बघत होती.

त्या कार्यक्रमाच्या सुरुवातीचं गाणं आठवतं ना? सर्वांना वाटतं की ते लढाईच्या काळातलं जुनं गाणं आहे. नाही. पेरीने ते नव्याने लिहिलं आणि बड फ्लॅनागनकडून गाऊन घेतलं. नाव आयरिश, पण माणूस आपल्यातला. खरं नाव खाइम रूबेन वाइनट्रॉप, व्हाइटचॅपलला पोलंडहून आलेल्या ज्यू घरात जन्मलेला. पहिल्या लढाईत त्याच्या पलटणीत ज्यूंचा द्वेष करणारा फ्लॅनागन नावाचा एक सार्जंट मेजर होता. त्याने छळलं म्हणून याने त्याचंच नाव घेतलं आणि त्या नावावर आयुष्यभर लोकांना हसवलं. 'डॅड्स आर्मी'चं गाणं हे त्याचं शेवटचं रेकॉर्डिंग. कार्यक्रम सुरू झाल्यावर तीन महिन्यांत, ऑक्टोबर १९६८ मध्ये, तो वारला. बीबीसी टू गेली कित्येक वर्षं शनिवारी संध्याकाळी हे जुने भाग लावत आली आहे. हिवाळ्यात शब्बाथ लवकर सुटतो. आमच्या घरी शब्बाथ सुटला की पहिला आवाज खाइम वाइनट्रॉपचा.

क्रॉफ्टची युक्ती काय होती, ते सांगायला मला आपली चाळ बरी पडते. एक जागा, तिथे दहाबारा माणसं कोंडलेली, कोणाला बाहेर जाता येत नाही आणि प्रत्येकाला वाटतं की आपण बाकीच्यांपेक्षा वरच्या मजल्यावरचे. बँक मॅनेजर कॅप्टन आहे, पण त्याच्या हाताखालचा कारकून घराण्याने मोठा. हेच भांडण ८० भाग पुरलं. पु. ल. देशपांड्यांना टेलिव्हिजनचं काम शिकायला बीबीसीत पाठवलं होतं, त्यातूनच 'अपूर्वाई' झालं. चाळ लिहिणाऱ्या माणसाला तिथे काय नवीन शिकवलं असेल, कोण जाणे!

आणि नट तो असे घ्यायचा की त्यांच्या चेहऱ्यावर जगलेलं दिसावं. गॉडफ्री झालेला आर्नल्ड रिडली पहिल्या लढाईत सॉमच्या रणात जखमी झाला होता. म्हातारा कॉर्पोरल झालेला क्लाइव्ह डन चार वर्षं जर्मनांच्या कैदेत होता. ही माणसं पडद्यावर घाबरल्यासारखी करायची, पण खरी भीती काय असते ते त्यांना माहीत होतं.

आता देवळाली.

३ जानेवारी १९७४. खाणकामगारांच्या भांडणामुळे तेव्हा कारखाने आठवड्यात तीनच दिवस चालायचे, वीज वाचवायला टीव्ही रात्री साडेदहाला बंद व्हायचा. आमचं नवीन लग्न, एका खोलीत संसार, भाड्याने आणलेला काळापांढरा टीव्ही. त्या दिवशी बीबीसीवर नवीन मालिका लागली, 'इट एन्ट हाफ हॉट, मम'. मराठीत सांगायचं तर 'आई गं, काय उकडतंय!' आणि जागा कुठली? रॉयल आर्टिलरी डेपो, देवळाली, १९४५. आमचे हे ओरडलेच, "अगं ये, तुझं देवळाली आलं!" मी कढईतलं मासळीचं कालवण तसंच टाकून धावले.

ही गोष्ट पेरीने स्वतः भोगलेली. तो लढाईत तोफखान्यातून खरोखर देवळालीला होता आणि तिथल्या फौजेच्या नाटक-गाण्यांच्या तुकडीत कामं करायचा. मालिकेत अशीच एक तुकडी आहे. लढायला जायला नको म्हणून ही पोरं नाचतात, गातात, बायकांचे झगे घालतात आणि विंडसर डेव्हिसने केलेला सार्जंट मेजर त्यांच्यावर गुरगुरतो. छावणीत तीन हिंदी माणसं आहेत. बेअरर रंगी राम, चहावाला आणि पंखावाला. पहिल्या काही वर्षांचे भाग देवळालीत घडतात, पुढे तुकडी ब्रह्मदेशाच्या जंगलात जाते. चित्रण सगळं इंग्लंडातच. कोणी देवळाली बघायलाही गेलं नाही. आणि देवळालीत भाषा कुठली? सगळी उर्दू-हिंदुस्थानी. नाशिकच्या बाजारात जी भाषा ऐकू येते तिचं एक अक्षर मला तरी आठ वर्षांत ऐकू आलं नाही. भगूरचा भाजीवाला काय उर्दू बोलायचा?

तरी आम्ही हसलो, खोटं कशाला सांगू. भरपूर हसलो. विनोदाची घडण पक्की होती. पण दुसऱ्या दिवशी वॉर्डात गेले की पुरुष पेशंट माझ्याकडे बघून मान हलवायचे आणि रंगी रामसारखं बोलायचे. ड्रेसिंग बदलायला गेले की "चाय लाओ". त्यांच्या मनात वाईट नसे, बहुतेकांच्या तरी. काही जण लढाईत हिंदुस्थानात राहिलेले, त्यांना तेवढेच चार शब्द येत होते आणि ते प्रेमाने वापरायचे. काही जण मात्र प्रेमाने नाही. ऐकणाऱ्याला फरक लगेच कळतो. १९७५ मध्ये विंडसर डेव्हिस आणि डॉन एस्टेल या दोघांचं गाणं तीन आठवडे पहिल्या नंबरवर होतं, तेव्हा तर बघायलाच नको. मी तीन वर्षं नर्सिंगचं शिक्षण घेऊन, परीक्षा देऊन आलेली बाई, आणि सकाळ-संध्याकाळ मी चहावाल्याची बहीण.

१९७६ च्या हिवाळ्यात बाबा आणि आई आमच्याकडे आले. धाकटीच्या बाळंतपणासाठी आई आणि इंग्लंड बघायला बाबा. मालिका लागायची त्या संध्याकाळी मी बाबांना म्हटलं, "बाबा, तुम्हाला देवळाली दाखवते." ते चष्मा पुसून, शाल घेऊन, पुढे सरकून बसले. कंपाउंडर माणूस, सगळं तपासून घ्यायची सवय. बराकी बघून म्हणाले, "ह्या अशा नव्हत्या." पंखावाला जमिनीवर बसून पायाने दोरी ओढत उर्दूत काहीतरी पुटपुटला आणि बाबा एकदम मोठ्याने हसले. आमच्या घरात हसणारे ते एकटेच, कारण आम्हाला कोणालाच ते नीट कळलं नव्हतं. म्हणाले, "हा सगळ्यांत शहाणा आहे. साहेबांना कळत नाही, पण हा सगळं बोलून घेतोय." त्या पंखावाल्याचं मालिकेत कामच ते होतं. खाली बसून दोरी ओढायची आणि साहेबांच्या मूर्खपणावर शेरे मारायचे.

रंगी रामच्या वेळी मात्र बाबा गप्प होते. रंगी राम स्वतःला इंग्रजच समजतो. "आम्ही ब्रिटिश" असं म्हणून चहावाल्यावर, पंखावाल्यावर खेकसतो. बाबा म्हणाले, "असा एक होता आमच्याकडे. साहेबाचे बूट असे चमकवायचा की त्यात तोंड दिसावं. सत्तेचाळीसला साहेब बोटीत चढले. जाताना त्याला चिठ्ठी दिली, प्रामाणिक आहे, दारू पीत नाही. ती चिठ्ठी तो सदऱ्याच्या आत ठेवायचा. दाखवायची कोणाला?"

मग शेवटची नावं आली. क्रॉफ्टची ही खूण. त्याच्या प्रत्येक मालिकेच्या शेवटी 'यू हॅव बीन वॉचिंग', म्हणजे 'आपण पाहत होता', असे शब्द यायचे आणि एकेका नटाचा चेहरा, खाली नाव. त्याने २००४ साली आत्मचरित्र लिहिलं त्यालाही हेच नाव दिलं. बाबा प्रत्येक नाव मोठ्याने वाचत होते. चहावाला, दिनो शफीक. "बरं." पंखावाला, बाबर भट्टी. "वा!" रंगी रामचा चेहरा आला, खाली मायकेल बेट्स. बाबा थांबले. माझ्याकडे बघून म्हणाले, "अगं, हा तर साहेब!"

त्यांना कळलंच नव्हतं. चेहऱ्याला रंग लावलेला, डोक्याला पगडी, आमचा काळापांढरा टीव्ही. शिवाय त्याची बोली इतकी अस्सल की बाबांसारखा माणूस फसला. मायकेल बेट्सचा जन्म झाशीचा, १९२० चा. इंग्रजीच्या आधी तो उर्दू बोलायला शिकला असं सांगत, आणि लढाईत ब्रह्मदेशात गुरख्यांचा मेजर होता. मी बाबांना ते सांगितलं. ते म्हणाले, "असेल. पण आपला एक माणूस यांना सापडला नाही? मुंबईला नाटकवाले काय कमी आहेत?" आई म्हणाली, "जाऊ दे, हसलात ना मघाशी." बाबा म्हणाले, "हसलो तेव्हा मला माहीत नव्हतं."

बाबांचं हे वाक्य मी पन्नास वर्षं घेऊन फिरते आहे.

क्रॉफ्ट आणि पेरी दोघांनाही पुढे हा प्रश्न अनेकदा विचारला गेला. त्यांचं उत्तर साधारण एकच. एवढी मोठी विनोदी भूमिका पेलणारा अनुभवी हिंदी नट तेव्हा इंग्लंडात मिळाला नाही, आणि बेट्ससारखी ती भाषा कोण बोलणार? पेरीला तर ही मालिका आपल्या दोघांच्या कामातली सर्वांत विनोदी वाटायची आणि ती कोणी दाखवत नाही याचं त्याला शेवटपर्यंत वाईट वाटलं. मी त्या माणसांना खोटं म्हणणार नाही. पण सईद जाफरी तेव्हा लंडनातच होते. झोहरा सेहगल लंडनात होत्या. शोधणाऱ्याला सापडले असते. खरं म्हणजे शोधायची गरज आहे असं तेव्हा कोणाला वाटलंच नाही. पाच वर्षांपूर्वी, १९६९ साली, स्पाइक मिलिगन 'करी अँड चिप्स' मध्ये तोंडाला रंग फासून पाकिस्तानी झाला होता. तो मिलिगन तर जन्मला अहमदनगरला, आताच्या अहिल्यानगरला. आपल्या मातीत जन्मलेल्या गोऱ्यांना आपलं सोंग घ्यायचा हक्क आहे, असं त्या पिढीला मनापासून वाटत असावं.

दुसरी बाजूही लिहिते, नाहीतर अन्याय होईल. क्रॉफ्टने त्याच मालिकेत दिनो शफीक आणि बाबर भट्टीला दर आठवड्याला काम दिलं, हशा मिळवून दिला, आणि शेवटी गोऱ्या नटांच्या रांगेत चेहऱ्यासकट नाव दिलं. दिनो शफीक ढाक्याचा. गोड गळ्याचा माणूस, फार लवकर गेला, १९८४ साली. बेट्स १९७८ च्या जानेवारीत कॅन्सरने वारला. त्याच्या जागी दुसरा रंगी राम आणला नाही. मालिका १९८१ पर्यंत चालली, एकूण ५६ भाग. पुढे बीबीसीने ती पुन्हा दाखवणं बंद केलं. डीव्हीडी मात्र मिळतात.

माझं एक गणित अजून सुटलेलं नाही, ते वाचकांपुढे ठेवते. याच क्रॉफ्टने जेरेमी लॉइडबरोबर 'अलो अलो' लिहिलं, १९८२ ते १९९२. जर्मनांनी घेतलेल्या फ्रान्समधलं एक कॅफे, त्यात गेस्टापो आणि जर्मन ऑफिसर येतात-जातात आणि सगळे वेडे. सिनॅगॉगमध्ये माझ्या शेजारी बसणारी एक बाई व्हिएन्नाहून लहानपणी एकटी इथे आलेली. तिच्या घरचं मागे कोणी राहिलं नव्हतं. ती हा कार्यक्रम बघत नसे. एकदा म्हणाली, "तुला हसू येतं, कारण तुला ते फक्त सिनेमात दिसले." मी तिच्यापुढे काय बोलणार? आम्ही बेने इस्राएल, आम्हाला आमच्या देशात कोणी कधी हात लावला नाही. मी मनात म्हणायची की यात थट्टा गेस्टापोची आहे, तिच्या माणसांची नाही, मग हसायला काय हरकत? पण हेच तर वॉर्डातले पेशंट मला सांगायचे, "सिस्टर, थट्टा साहेबांची चाललीय, तुमची नाही." आणि तेही अर्धं खरं होतं. पंखावाल्याच्या बाबतीत तर पुरं खरं.

दुसरी एक गोष्ट क्रॉफ्टची आत्मकथा निघाली तेव्हा कळली. 'आर यू बीइंग सर्व्ह्ड?' हा कपड्यांच्या मोठ्या दुकानावरचा कार्यक्रम. जेरेमी लॉइड तरुणपणी पिकॅडिलीच्या सिम्पसन्स दुकानात नोकरीला होता, त्यावरून सुचलेला. (ते दुकान केव्हाच गेलं, त्या इमारतीत १९९९ पासून पुस्तकांचं दुकान आहे.) नमुन्याचा भाग करून ठेवला होता, पण बीबीसीला तो नको होता, पडून होता. १९७२ च्या सप्टेंबरात म्युनिकच्या ऑलिंपिकमध्ये इस्राएलचे ११ खेळाडू आणि प्रशिक्षक मारले गेले, खेळ थांबले, टीव्हीचं वेळापत्रक कोलमडलं. मोकळी पडलेली वेळ भरायला तो भाग ८ सप्टेंबरला लावला. लोकांना आवडला. मग तो १९८५ पर्यंत चालला, ६९ भाग. तो आठवडा मला चांगला आठवतो. मी नर्सेस होममध्ये रेडिओजवळ बसून होते. आठ तारखेला टीव्हीवर काय लागलं ते आम्ही पाहिलं नाही. पुढे मात्र वर्षानुवर्षं मी त्या कार्यक्रमाला हसले. बाबांसारखंच, माहीत नसताना.

बाकी क्रॉफ्टची कारकीर्द थोडक्यात संपवते. 'हाय-डी-हाय' बटलिन्सच्या अनुभवावर, १९८० ते १९८८. दोघांनाही, पेरीला आणि त्याला, १९७८ मध्ये ओबीई मिळाली. नव्वदीत त्याची तऱ्हा जुनी वाटायला लागली. प्रेक्षकांसमोरचा स्टुडिओ, ठरलेली पालुपदं, हे नव्या पोरांना नको होतं. आणि मग १९९८ च्या जानेवारीत बीबीसी टूवर 'गुडनेस ग्रेशस मी' आलं. निर्माता अनिल गुप्ता, नट मीरा स्याल, संजीव भास्कर, कुलविंदर घीर आणि आपल्या मुंबईत जन्मलेली पारशी मुलगी नीना वाडिया. त्यात एक प्रसंग होता. हिंदी मंडळी रात्री पिऊन इंग्लिश हॉटेलात जातात आणि तिथल्या गोऱ्या वेटरचं नाव मुद्दाम चुकीचं उच्चारतात. मी सोफ्यावर इतकी हसले की धाकटी पाण्याचा ग्लास घेऊन धावली. तिला वाटलं ठसका लागला. चोवीस वर्षांचा ठसका होता तो. बाबा तेव्हा नव्हते. ते गेले १९९१ ला.

क्रॉफ्ट २७ सप्टेंबर २०११ ला पोर्तुगालमधल्या घरी वारला, वय ८९. पेरी २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये. मोठ्या मुलाने मला वाढदिवसाला देवळालीच्या मालिकेच्या डीव्हीडी आणून दिल्या, थोडं भीत भीतच. आई चिडेल की काय! परवा त्याच्या मुलीबरोबर एक भाग लावला. तिला रंग लावलेला चेहरा पहिल्या मिनिटाला ओळखू आला. "आजी, हे काय आहे?" असं म्हणून ती माझ्याकडे बघत राहिली. मी तिला पणजोबांच्या बुटांच्या नाही, त्या बेअररच्या बुटांची गोष्ट सांगितली, चिठ्ठीची सांगितली. पंखावाल्याचे बोल माझ्या मोडक्या हिंदीत समजावून दिले, त्याला ती हसली. भाग संपला, नातीने रिमोट उचलला. मी तिचा हात धरला.

"थांब, बंद करू नकोस. नावं येऊ देत."